चाचणी देणारे विमान आणि चाचणी घेणारे विमान

शंकासुर

नमस्कार.

मध्यंतरी एका जम्बो जेटचे छायाचित्र पाहण्यात आले. त्याच्या डाव्या पंखाखालचे, धडाकडचे इंजिन उरलेल्या तिघांच्या मानाने एवढे अवाढव्य होते की कोणीतरी संगणकावर चिकटवाचिकटवी केली असावी, असाच माझा समज झाला. चौकशी केल्यावर कळले की चित्र खरे आहे; ते विमान प्रवासी नेत नाही, माल नेत नाही, नवी इंजिने हवेत नेऊन तपासणे एवढेच त्याचे काम. त्यावरून पुढे वाचत गेलो, तेव्हा अशा संशोधन विमानांची एक वेगळीच जात असल्याचे ध्यानात आले आणि उत्तरांपेक्षा प्रश्नच जास्त झाले.

पहिला प्रश्न सरळ आहे. आज विंड टनेल, म्हणजे कृत्रिम वाऱ्याचे बोगदे आहेत, महासंगणकावर पंखाभोवतीच्या हवेचे गणित मांडता येते, आणि सिम्युलेटर तर इतके हुबेहूब झाले आहेत की वैमानिकाने त्या जातीच्या खऱ्या विमानात पाऊल टाकण्यापूर्वीच त्याचे बहुतेक प्रशिक्षण पुरे झालेले असते. असे असताना एक आख्खे विमान, त्याचे वैमानिक आणि त्याची देखभाल करणारी माणसे कशासाठी पोसायची? दुसरे असे की, कोणत्याही नव्या विमानाचे पहिले काही नमुने चाचणीसाठीच तर उडतात. मग ते नमुना विमान आणि हे संशोधन विमान यांत फरक तो काय?

तिसरी गोष्ट मला पटलेलीच नाही. काही विमाने म्हणे उडता उडता दुसऱ्याच विमानाचे सोंग घेतात. दांडी हलवली की ती स्वतःसारखी न वागता अजून बांधल्याही न गेलेल्या विमानासारखी वागतात. पत्रा तोच, पंख तेच, आणि वागणूक मात्र परक्याची, हे कसे शक्य आहे? जाणकारांनी सवडीने लिहावे, घाई अजिबात नाही.

वातायन

शंकासुर, आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सुटला की पहिला निम्मा सुटतो.

नमुना विमान परीक्षेला बसलेले असते आणि संशोधन विमान परीक्षकाच्या खुर्चीत असते. नमुना विमानात पंख नवे, इंजिन नवे, नियंत्रण प्रणाली नवी, सगळेच नवे असते. त्यामुळे हवेत गेल्यावर काही थरथरले तर संशयित किती आणि कोण, हेच आधी शोधावे लागते. संशोधन विमानाचे तसे नसते. ज्याची प्रत्येक खोड वर्षानुवर्षांच्या उड्डाणांतून पाठ झालेली आहे, असे विमान घ्यायचे आणि त्यावर एकच अनोळखी वस्तू बसवायची, म्हणजे जे काही वेगळे घडेल त्याचा जाब कोणाला विचारायचा हे उड्डाणापूर्वीच ठरलेले असते. म्हणूनच या कामावरची विमाने पुष्कळदा जुनी, प्रवासी सेवेतून निवृत्त झालेली असतात. लोकांना त्यात काटकसर दिसते. मला विचाराल तर त्यांचे जुनेपण हीच त्यांची खरी लायकी आहे.

आपण पाहिलेले छायाचित्र बहुधा जनरल इलेक्ट्रिकच्या बोइंग ७४७ चे असावे. बोइंग ७७७ साठी तयार केलेले जीई९० इंजिन १९९३ च्या डिसेंबरात प्रथम हवेत गेले ते अशाच एका जुन्या ७४७ च्या पंखाखाली. पुढे मार्च २०१८ मध्ये जीई९एक्स हे इंजिन दुसऱ्या एका ७४७ वर उडवण्यात आले. त्याच्या पुढच्या पंख्याचाच व्यास सुमारे ३.४ मीटर आहे. मूळ जागी ते बसवले असते तर जमिनीशी अंतरच उरले नसते, म्हणून त्याला धरणारा खांब नव्याने बनवून ते अधिक पुढे आणि वर उचलून बसवावे लागले. चार इंजिनांचे विमान निवडण्यामागे साधा हिशेब आहे. नवे इंजिन रुसले तरी उरलेली तिन्ही विमानाला सुखरूप घरी आणतात, आणि हे इंजिन तर मुद्दाम रुसवायचेच असते. उंचावर नेऊन ते बंद करायचे, विरळ आणि थंड हवेत पंखा नुसता वाऱ्यावर फिरत ठेवायचा आणि कोणत्या उंचीवर, कोणत्या वेगाला ते पुन्हा पेट घेते याचा नकाशा भरायचा, हे या उड्डाणांतले नित्याचे काम असते. जमिनीवर कमी दाबाच्या कोठडीत इंजिन चालवून यातले बरेचसे तपासता येते हे खरे. परंतु विमान तिरपे वळत असताना इंजिनाच्या तोंडाशी येणारी हवा जशी वाकडी शिरते, किंवा पंखाच्या लवण्याबरोबर इंजिन जसे झुलते, ते सगळे एकाच वेळी त्या कोठडीत घडवता येत नाही.

ही पद्धत जुनी आहे. कॉन्कॉर्डची ऑलिंपस ५९३ इंजिने आधी व्हल्कन बॉम्बफेकी विमानाच्या पोटाखाली उडून आली होती, आणि भारताचे कावेरी इंजिन २०१० मध्ये रशियात मॉस्कोजवळ एका इल्युशिन-७६ विमानाच्या चार इंजिनांपैकी एकाच्या जागी बसवून तपासले गेले.

विंड टनेलबद्दल थोडक्यात. तिथे लहान प्रतिकृती असते, आणि हवा लहान वस्तूभोवती जशी वाहते तशीच मोठ्या वस्तूभोवती वाहत नाही. शिवाय बोगद्याला भिंती असतात आणि पंख्याने ढकललेल्या हवेत स्वतःचीच बारीक खळबळ असते. त्यावर उपाय आहेत, दुरुस्तीची सूत्रे आहेत, पण ती सूत्रे बरोबर आहेत की नाहीत हे ठरवायला शेवटी कोणीतरी खऱ्या आकाराचा पंख खऱ्या हवेत नेलेला असावा लागतो.

तिसऱ्या प्रश्नावर माझ्यापेक्षा अधिकाराने लिहिणारे येथे आहेत.

दांडीवाला

वातायन यांनी माझ्याकडेच बोट दाखवले आहे असे समजून लिहितो.

सोंग घेण्याची युक्ती कळायला एका भाबड्या समजुतीला आधी रजा द्यावी लागते, ती म्हणजे विमानाची वागणूक त्याच्या आकारातच असते. वैमानिकाला विमान पत्र्यातून जाणवत नाही. मी दांडी अमुक इतकी ओढली, त्यानंतर किती वेळाने नाक उचलू लागले, किती वेगाने उचलले, थांबवल्यावर जागीच थांबले की थोडे पुढे जाऊन मागे आले, एवढ्यावरूनच तो विमानाची ओळख पटवतो. ही उत्तरे बदलता आली तर त्याच्यापुरते विमान बदलले.

या विमानांत परीक्षक वैमानिकाची दांडी आणि पंखांवरचे हलणारे भाग यांचे थेट नाते तोडलेले असते. दांडी संगणकाशी बोलते. संगणकात त्या दुसऱ्या, न बांधलेल्या विमानाची समीकरणे असतात. दांडी एवढी ओढल्यावर त्या विमानाचे नाक या क्षणी सेकंदाला किती अंशांनी वर आले असते, हे तो काढतो. दुसरीकडे संवेदक सांगत असतात की आपले खरे विमान प्रत्यक्षात काय करते आहे. या दोहोंतली तफावत पुसण्यासाठी एलेव्हेटर (नाक वरखाली करणारा शेपटीचा पट्टा), एलेरॉन (विमान कलवणारे पंखांवरचे पट्टे) आणि रडर (नाक डावीउजवीकडे वळवणारा उभ्या शेपटीचा पट्टा) किती हलवायचे ते ठरवून संगणक ते हलवतो, आणि हे सेकंदाला कितीतरी वेळा घडते. समजा, आपले विमान हलके व चपळ आहे आणि सोंग एका जड, आळशी विमानाचे घ्यायचे आहे. वैमानिकाने दांडी झटकन ओढली तरी संगणक एलेव्हेटर एकदम वर जाऊ देत नाही, हात राखून थोडाथोडा वर नेतो, आणि नाक उचलण्याची गती वाढू लागली की थोडा उलटही फिरवतो. वैमानिकाला वाटते की आपण शंभर टनांचे धूड उचलतो आहोत. दांडीचा जडपणासुद्धा कृत्रिम असतो, तोही हवा तसा लावून घेता येतो.

आकार मात्र पूर्णपणे हार मानत नाही. नेहमीच्या नियंत्रणांनी विमान कोणत्याही अक्षाभोवती फिरवता येते, पण नाक न उचलता आख्खे विमान वर उचलणे किंवा न वळता बाजूला सरकवणे त्यांना जमत नाही. १९७० मध्ये प्रथम उडालेल्या टिफ्स या अमेरिकी विमानात त्यासाठी दोन्ही पंखांवर उभी पाती बसवली होती, आणि पंखांमागचे फ्लॅप दोन्ही दिशांना झरझर हलतील असे केले होते. मूळचे ते कॉन्व्हेअरचे साधे पंख्याचे वाहतूक विमान. त्याच्या नाकाच्या जागी दुसरे कॉकपिट जोडलेले होते; परीक्षक वैमानिक पुढच्या कॉकपिटमध्ये बसून भलत्याच विमानाचा अनुभव घेत असे आणि मागच्या, मूळच्या कॉकपिटमधले वैमानिक साध्या कॉन्व्हेअरवर लक्ष ठेवून असत. जर्मनीने व्हीएफडब्ल्यू ६१४ या प्रवासी विमानापासून बनवलेले अट्टास हे विमान १९८५ ते २०१२ या काळात हेच काम करीत होते. त्यात सोंगाची खुर्ची डावीकडे आणि सुरक्षा वैमानिकाची उजवीकडे होती. सुरक्षा वैमानिक हा या सगळ्या प्रकाराचा कणा आहे. संगणकाने तोल सोडला की एक कळ दाबायची, सोंग गळून पडते आणि हातात ओळखीचे विमान येते.

आता आपला पहिला प्रश्न, की हे सगळे सिम्युलेटरवर का नाही. सिम्युलेटर त्याला शिकवलेले तेवढेच सांगतो, हे एक कारण झाले. दुसरे माणसाचे आहे. खुर्चीखालून खरी धावपट्टी ताशी तीनशे किलोमीटरने सरकत असताना वैमानिकाचा हात जसा चालतो, तसा तो सिम्युलेटरवर चालत नाही, कारण तिथे चूक झाली तरी चहा प्यायला खाली उतरता येते.

उदाहरण प्रसिद्ध आहे. २६ ऑक्टोबर १९७७ रोजी एन्टरप्राइज हे स्पेस शटल वाहून नेणाऱ्या विमानाच्या पाठीवरून हवेत पाचव्यांदा मोकळे सोडण्यात आले. कॅलिफोर्नियातील एडवर्ड्स तळाच्या काँक्रीटच्या धावपट्टीवर उतरताना फ्रेड हेझ दांडीने जी दुरुस्ती करीत होते तिला शटल उशिरा प्रतिसाद देत होते. तो प्रतिसाद येईपर्यंत पुढची दुरुस्ती निघालेली असे, आणि दोन्ही एकमेकींत मिसळून शटल हेलकावे घेत, टेकून उसळून, कसेबसे उतरले. वैमानिकाच्या हातून, पण वैमानिकाच्या दोषाशिवाय घडणारे हे हेलकावे म्हणजे नियंत्रणशास्त्रातले जुने दुखणे आहे. ते किती विलंबाला सुरू होते हे शोधायला नासाजवळ एक नेमके विमान होते. एफ-८ क्रुसेडर या लढाऊ विमानातील सगळे यांत्रिक दुवे काढून टाकून, अपोलो चांद्रयानांच्या जातीचा संगणक बसवून, २५ मे १९७२ रोजी गॅरी क्रायर यांनी ते उडवले होते. डिजिटल फ्लाय-बाय-वायरचा, म्हणजे दांडीची आज्ञा संगणकामार्फत विजेच्या तारांतून पोहोचवण्याच्या पद्धतीचा, पाया त्यातूनच घातला गेला. १९७८ मध्ये याच विमानाच्या संगणकात मुद्दाम विलंब मिसळण्यात आला आणि वैमानिकांना पुन्हा पुन्हा उतरायला लावले. एका फेरीत धावपट्टीला चाके टेकवून वर निघताना विमान असे काही वरखाली होऊ लागले की जमिनीवरच्या अभियंत्यांचे धाबे दणाणले. पण या उड्डाणांतून शटलसाठी एक गाळणी तयार झाली: वैमानिकाचा हात जसजसा घाईने मागेपुढे होऊ लागेल, तसतसे त्याचे म्हणणे संगणकाने कमी मनावर घ्यायचे.

त्या दिवशी एन्टरप्राइजमध्ये हेझ यांच्या शेजारी गॉर्डन फुलर्टन बसले होते. १९८९ मध्ये अमेरिकेतील सू सिटीजवळ डीसी-१० या प्रवासी विमानाची सर्व द्रवचालित नियंत्रणे निकामी झाली, तेव्हा वैमानिकांनी केवळ दोन इंजिनांचा रेटा कमीजास्त करीत विमान धावपट्टीपर्यंत आणले. शंभराहून अधिक माणसे दगावली, तरी बहुसंख्य वाचली. हेच काम संगणकाने केले तर, असा प्रश्न नासाने घेतला. आधी एफ-१५ वर आणि मग २९ ऑगस्ट १९९५ रोजी एमडी-११ या मोठ्या प्रवासी विमानावर, नियंत्रणाचे पृष्ठभाग न हलवता, फक्त इंजिनांच्या जोरावर विमान उतरवण्यात आले. एमडी-११ चे वैमानिक होते तेच फुलर्टन.

शंकासुर

दांडीवाला, ते उलट फिरणारे एलेव्हेटर वाचले आणि गाडे एकदम पुढे सरकले. एक उपप्रश्न विचारतो. नवे इंजिन किंवा नवी नियंत्रण प्रणाली समजली. पण पंखाचा आकार, रंग, लेप, इंधन अशा मुकाट गोष्टींचीही हवेत चाचणी घेतात का, आणि घेत असतील तर त्यात मोजतात तरी काय?

नारिंगी तार

माझ्या येथल्या नावाचा अर्थ अनेकांनी विचारला आहे, तो आज सांगण्याजोगा आहे. चाचणीच्या विमानात मोजमापासाठी ओढलेल्या तारा बहुधा नारिंगी रंगाच्या असतात, म्हणजे विमानाच्या स्वतःच्या तारा कोणत्या आणि पाहुण्या कोणत्या हे देखभाल करणाऱ्याला चटकन दिसावे. अशा तारा ओढण्यात आणि त्यांतून आलेले आकडे निवडण्यात माझी बरीच वर्षे गेली.

एक प्रसंग सांगतो, कारण संशोधन विमान म्हणजे नेमके काय, ते मला त्या दिवशी कळले. पंखाच्या मुळाशी हवा कुठे सुटते हे पाहण्यासाठी आम्ही लोकरीचे वीतभर धागे ओळीने चिकटवले होते. हवा पृष्ठभागाला धरून वाहत असली की धागे मागे सरळ निजतात, आणि हवा सुटली की ते फडफडतात, कधी उलटे पुढेही वळतात. खिडकीतून कॅमेरा त्यांच्यावर रोखलेला होता. उड्डाण उत्तम झाले, वैमानिक खूश होते. संध्याकाळी चित्रण आणि आकडे शेजारी ठेवले, तेव्हा लक्षात आले की कॅमेऱ्याचे घड्याळ आणि नोंदयंत्राचे घड्याळ जुळवलेलेच नव्हते. कोणत्या क्षणी कोणते धागे फडफडले ते दिसत होते, पण त्या क्षणी पंख हवेला किती अंशांनी सामोरा होता ते सांगता येत नव्हते. विमान उडाले होते, संशोधन झाले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून दोन्ही घड्याळे जुळवून त्याखाली दोघांच्या सह्या घ्यायची रीत पडली.

आता आपल्या मुकाट गोष्टी. पंखावरून हवा थरांथरांनी सुरळीत वाहिली तर घर्षण फार कमी होते. पण नेहमीच्या पंखावर ती थोडेसे अंतर जाताच विस्कटते आणि संक्षुब्ध होते. हा सुरळीत प्रवाह पंखाच्या निम्म्या रुंदीपर्यंत टिकवता आला तर इंधन वाचते, म्हणून एअरबसने आपल्या पहिल्यावहिल्या ए३४० विमानाच्या दोन्ही पंखांची टोके कापून तिथे सुमारे दहा मीटर लांबीचे नव्या आकाराचे तुकडे बसवले. ब्लेड नावाच्या या प्रयोगाचे पहिले उड्डाण २६ सप्टेंबर २०१७ रोजी फ्रान्समधील तार्ब येथून झाले. प्रवाह कुठे विस्कटतो ते डोळ्यांना दिसत नाही. परंतु संक्षुब्ध हवा आणि सुरळीत हवा पत्र्याशी उष्णतेची देवघेव वेगवेगळ्या गतीने करतात, म्हणून शेपटीच्या उंच टोकावर अवरक्त कॅमेरे बसवून पंखावरची ती सीमारेषा टिपली गेली. डावा आणि उजवा तुकडा वेगवेगळ्या बांधणीचे होते, म्हणजे एकाच उड्डाणात, एकाच हवेत, दोन कारागिरींची तुलना झाली. वातायन यांनी विंड टनेलमधल्या खळबळीचा उल्लेख केलाच आहे. सुरळीत प्रवाहाच्या बाबतीत ती खळबळच निकाल फिरवते, त्यामुळे इथे आकाशाला पर्याय नाही.

या सुरळीत प्रवाहाचा शत्रू कोण, तर चिलट. उड्डाण करताना आणि उतरताना पंखाच्या कडेवर किडे आपटतात, त्यांचा चिकट राप तिथेच वाळतो, आणि तेवढ्याशा खडबडीतपणाने मागची हवा विस्कटते. २०१५ मध्ये नासा आणि बोइंग यांनी एका ७५७ च्या पंखाच्या कडेवर किडे न चिकटू देणारे निरनिराळे लेप लावले आणि ते विमान अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात श्रीव्हपोर्ट येथे नेले, कारण तिथे किडे भरपूर. किडे खालच्या हवेत असतात, म्हणून उंच जाण्यात काही अर्थ नव्हता. पुन्हा पुन्हा उडायचे, उतरायचे, आणि मग अभियंत्यांनी पंखाशी उभे राहून डाग मोजायचे. सर्वांत चांगल्या लेपावर किडे आणि त्यांचा राप साध्या पृष्ठभागापेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळला. त्याच विमानाच्या शेपटीत हवेचे झोत सोडणारी ३१ छोटी तोंडे बसवली होती. उभी शेपटी लहान ठेवून तिच्याकडून मोठ्या शेपटीइतके काम करून घेता येईल का, ते त्यांतून पाहायचे होते.

इंधनाची चाचणी तर दोन विमानांची असते. नासाच्या डीसी-८ ने २०१३ व २०१४ मध्ये नेहमीचे इंधन आणि त्यात वनस्पतिजन्य इंधन निम्मे मिसळलेले मिश्रण आलटून पालटून जाळले, आणि दुसरे एक लहान फाल्कन जेट त्याच्या धुरात शिरून नमुने घेत राहिले. पुढच्या विमानाच्या पंखांच्या टोकांमागे हवेचे दोन जबर भोवरे असतात. त्यांच्या काठाकाठाने, शंभर मीटरच्या आसपास अंतर ठेवून उडणे हे काही सुखाचे काम नाही. निष्कर्ष मात्र स्वच्छ निघाला: मिश्र इंधनाने काजळीसारख्या कणांचे उत्सर्जन ५० ते ७० टक्क्यांनी घटले. विमानामागे जी पांढरी रेघ उमटते तिचे हिमकण याच कणांवर धरतात, म्हणून या आकड्याला महत्त्व आहे.

जमिनीवरचा

सर्वांचे लेखन आनंदाने वाचले. तरीही थोडी उलट बाजू मांडतो, कारण धागा काहीसा आरती ओवाळण्याकडे झुकू लागला आहे.

हवेत सिद्ध झाले म्हणजे प्रश्न मिटला, असे नसते. दांडीवाला यांनी सांगितलेल्या हेलकाव्यांचेच घ्या. स्वीडनच्या ग्रिपेन लढाऊ विमानाचा पहिला नमुना २ फेब्रुवारी १९८९ रोजी उतरताना याच दुखण्याने कोसळला. त्यानंतर त्याची नियंत्रण प्रणाली अमेरिकेतील एनटी-३३ए या सोंग घेणाऱ्या विमानावर घालून सुधारण्यात आली. १९५७ पासून १९९७ पर्यंत, चाळीस वर्षे, हे विमान याच कामावर होते आणि त्याच्याइतका अनुभव दुसऱ्या कोणाकडे नव्हता. एवढे करूनही ऑगस्ट १९९३ मध्ये स्टॉकहोमवर जाहीर प्रात्यक्षिक सुरू असताना दुसरे ग्रिपेन तशाच कारणाने पडले. दैवयोगाने वैमानिक दोन्ही वेळा वाचला. संशोधन विमान विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देते. न विचारलेल्याचे देत नाही, आणि प्रश्न पुन्हा माणसांनाच सुचावे लागतात.

दुसरे असे की, सिद्ध झालेली गोष्ट वापरात येईलच असे नाही. इंजिनांच्या जोरावर विमान उतरवण्याची ती सुंदर पद्धत प्रवासी विमानांत आजही रूढ झालेली नाही. कधी कधी विमान उडतही नाही. नासाचे एक्स-५७ हे विजेवर चालणारे विमान एका छोट्या, दोन इंजिनांच्या टेकनाम विमानावर बेतलेले होते; विद्युत प्रणालीतील दोष सुरक्षितपणे दूर करण्याइतका वेळ आणि पैसा उरला नाही, म्हणून २०२३ मध्ये एकही उड्डाण न करता तो प्रकल्प आवरण्यात आला. मी स्वतः जमिनीवरच्या गणिताचा माणूस आहे, त्यामुळे माझा पक्षपात गृहीत धरावा. पण महागड्या उड्डाणाचा एक तास मागण्याआधी गणिताचे हजार तास खर्च झालेले असावेत, असे मला वाटते.

दांडीवाला

जमिनीवरचा, आपले पहिले म्हणणे बिनशर्त मान्य. ग्रिपेनच्या बाबतीत वैमानिकाने दांडी किती मोठ्या आणि किती जलद झटक्यांनी हलवली तर नियंत्रणाचे पृष्ठभाग हलवणाऱ्या यंत्रणेची गती अपुरी पडते, हा मुद्दा कळीचा होता. चाचणीत कोणी तेवढी झटापट केली नाही तर तो दोष दडूनच राहतो.

दुसऱ्या म्हणण्यात मात्र एक भर घालतो. गणिताचे हजार तास आणि उड्डाणाचा एक तास हे एकमेकांचे वैरी नाहीत. भारताच्या तेजस लढाऊ विमानाच्या नियंत्रण प्रणालीची पडताळणी १९९६ मध्ये अमेरिकेत एफ-१६ व्हिस्टा या सोंग घेणाऱ्या विमानावर झाली, तीही जमिनीवरचे प्रदीर्घ काम उरकल्यावर. १९९२ मध्ये प्रथम उडालेल्या त्याच विमानाला आता एक्स-६२ए म्हणतात, आणि २०२३ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेने त्याचे सारथ्य करीत माणूस उडवत असलेल्या दुसऱ्या एफ-१६ शी हवाई झुंजीचा सराव केला. डिसेंबर २०२२ ते सप्टेंबर २०२३ या काळातल्या २१ उड्डाणांच्या दरम्यान त्याच्या आज्ञावलीच्या एक लाखाहून अधिक ओळी बदलल्या गेल्या. रात्री बदललेली आज्ञावली सकाळी निर्धास्तपणे हवेत नेता येते, कारण खुर्चीत सुरक्षा वैमानिक असतो आणि खाली ओळखीचे एफ-१६ असते. झुंजीच्या त्या सरावांत सुरक्षा वैमानिकांना ती कळ दाबावी लागली नाही, हे नोंदवण्यासारखे आहे.

शंकासुर

सर्वांचे मनापासून आभार. या उत्तरांनंतर जुनी छायाचित्रे पुन्हा काढून पाहिली, आणि एका चाचणी विमानाच्या उभ्या शेपटीच्या टोकापासून मागे लांबच लांब काहीतरी लोंबताना दिसले; टोकाला बॅडमिंटनच्या फुलासारखे काही होते. ते काय असावे?

नारिंगी तार

तो मागे ओढला जाणारा शंकू आहे. विमानाची उंची आणि वेग हे दोन्ही आकडे भोवतालच्या हवेच्या दाबावरून निघतात, पण विमान स्वतःच आपल्या भोवतीचा दाब बिघडवत असते. दाब मोजण्याचे भोक अंगावर कुठेही पाडले तरी थोडी चूक शिरतेच. ती किती, हे काढण्यासाठी शेपटीवरून एक लांब नळी मागे सोडतात. तिला बारीक भोके असतात आणि ती विमानाच्या प्रभावाबाहेरच्या शांत हवेत राहते. टोकाचा शंकू तिला ताणून, न झुलू देता धरतो. नळीतला दाब आणि विमानाच्या अंगावरचा दाब यांची वजाबाकी केली की चूक हातात येते. वरच्या थरांत दोन विमाने एकमेकांवरून फक्त हजार फुटांच्या अंतराने जातात, तेव्हा या वजाबाकीला किती किंमत असते ते आपल्या लक्षात येईल.

पुष्कळ विमानांत ही नळी उड्डाणानंतर सोडतात आणि उतरण्यापूर्वी चक्रीवर गुंडाळून घेतात. गुंडाळायची राहिली तर शंकू धावपट्टीवर घासत येतो. नवा शंकू मागवण्याची चिठ्ठी मी एकदा लिहिलेली आहे.